थांबलो तर दंड, पुढे गेलो तर एक तारा

गेल्या अंकात मी टॅक्सी, टुरिस्ट गाड्या आणि अ‍ॅपवरच्या गाड्या चालवणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. चालकांची पत्रं आलीच, शिवाय त्यांच्या घरच्यांची आली, प्रवाशांची आली आणि नोकरीत असलेल्या एका शिपायाचंही आलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात देतो. मुंबईत पोलीस दलात ३१ वर्षं होतो, त्यातली १७ वाहतूक शाखेत. सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. वडील टॅक्सी चालवायचे, काळी-पिवळी पद्मिनी. त्यामुळे पावती घेऊन घरी येणारा माणूस मी आधी पाहिला आणि पावती फाडायला नंतर शिकलो.

पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. त्यांना उद्याही त्याच सिग्नलवरून जायचं आहे.

प्रश्न : मी अ‍ॅपवर गाडी चालवतो. पॅसेंजर म्हणतो, स्टेशनच्या दारातच सोडा, सामान आहे. तिथे नो पार्किंगचा बोर्ड आहे. थांबलो तर समोरून फोटो निघतो आणि ५०० रुपयांचा मेसेज येतो. न थांबता पुढे नेलं तर पॅसेंजर चिडतो आणि एक तारा देतो. चार-पाच असे तारे पडले की भाडी कमी येतात. थांबलो तर दंड, पुढे गेलो तर एक तारा. मी करू काय? (एक चालक, भांडुप)

भाऊ, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. या सदराला आलेल्या निम्म्या पत्रांत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत आहे, म्हणून उत्तर लांब देतो.

आधी बोर्डाकडे नीट बघा. गोल निळ्या पाटीवर एक तिरपी लाल रेघ असेल तर ते नो पार्किंग. त्याच पाटीवर दोन रेघांची लाल फुली असेल तर ते नो स्टॉपिंग, म्हणजे तिथे क्षणभरही थांबायचं नाही, माणूस उतरवायलाही नाही. हा फरक कित्येक जुन्या चालकांना ठाऊक नसतो आणि खरं सांगायचं तर काही पोलिसांनाही नसतो. फुली असेल तर वाद घालू नका, गाडी पुढे घ्या. एक रेघ असेल, तुम्ही सीटवर बसून आहात, इंजिन चालू आहे, माणूस उतरतोय आणि तुम्ही लगेच निघताय, तर ते गाडी उभी करून ठेवणं नव्हे. मात्र झेब्रा क्रॉसिंगवर, वळणाच्या तोंडाशी, बसथांब्यावर, कुणाच्या फाटकासमोर किंवा दुसऱ्या गाडीला खेटून दुसऱ्या रांगेत थांबलात, तर बोर्ड असो वा नसो, चूक तुमचीच. तिथे मी तुमची बाजू घेणार नाही. दुसऱ्या रांगेत उभी राहिलेली एक गाडी मागची बस अडवते आणि त्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात.

दंडाचं गणित असं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर १५०० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड १०० रुपये होता. केंद्राची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली, आपल्या राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये आले. स्वतःच्या गाडीने कामाला जाणाऱ्या माणसाला ५०० रुपये खटकतात आणि तो विसरून जातो. तुमच्या गाडीत गॅस, हप्ता आणि कंपनीचा वाटा जाऊन दिवसाला जे उरतं, त्यातून ५०० गेले तर तो दिवस तुम्ही फुकट राबलेला असता. चूक लहान, कायद्यातला दंडही लहान, पण रस्त्यावर जगणाऱ्या माणसावर तो मोठा होऊन पडतो. हे मी घरात बघितलंय. वडील पावती आणायचे त्या दिवशी ती आईच्या हातात देत नसत, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवत आणि गप्प जेवत.

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगतो. २०१४ साल असेल. एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाजवळ माझी ड्युटी होती. एक टुरिस्ट गाडी नो पार्किंगमध्ये थांबली. चालक उतरला, डिकी उघडली, घडीचा वॉकर काढून उलगडला. वॉकरच्या एका पायाचं रबर निघालेलं होतं, त्यामुळे तो डांबरावर टेकला की ठक्क असा आवाज यायचा. आतून एक म्हातारे गृहस्थ उतरायला लागले. एक पाय बाहेर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा पाय. मी पावतीपुस्तक काढून गाडीचा नंबर लिहायला घेतला. चालकाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, बाबांना आत बसवून येतो, मग फाडा.’ तो गेला, खरंच परत आला आणि त्याने शंभराची नोट पुढे केली. मी पावती फाडली. खालचा कार्बन नवा होता, त्याच्या अंगठ्याला निळा डाग लागला.

त्या पावतीत कायद्याने काही चूक नव्हती, गाडी दहा मिनिटं उभी होती. पण ‘सोडून ये आणि गाडी काढ’ एवढं म्हणायची मुभा मला होती. ती मी वापरली नाही, कारण संध्याकाळी पावत्यांचा आकडा सांगायचा असे. तो ठक्क आवाज मला अजून आठवतो. आज त्या जागी कॅमेरा असेल, तर कॅमेऱ्याला वॉकर दिसेल पण कळणार नाही. म्हणून माझं मत असं आहे की लाल सिग्नल आणि वेग यांसाठी कॅमेरा जरूर असावा, पण स्टेशन, रुग्णालय, शाळा यांच्या दारात थांबणाऱ्या गाड्यांसाठी तिथे माणूसच हवा. बघून ठरवणारा माणूस.

तुमच्या हातात काय आहे? भाडं घेतल्यावर निघण्याआधीच प्रवाशाला सांगा: ‘दारात थांबायला बंदी आहे, पुढे रिक्षास्टँडच्या अलीकडे उतरवतो.’ आधी सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात, दारात पोचल्यावर सांगितलं की भांडतात. तरी एक तारा पडलाच, तर त्याच दिवशी अ‍ॅपच्या मदत विभागात तक्रार टाका आणि सोबत बोर्डाचा फोटो जोडा. फोटो गाडी थांबवून किंवा उतरून काढा. दहातल्या आठ तक्रारींना ठरावीक छापाचं उत्तर येईल. तरी टाका. उद्या कंपनीने खातं बंद केलं तर तुमच्याकडे दाखवायला कागद असेल.

आणि दारात उतरण्याचा हट्ट धरणाऱ्या वाचकांना माझी विनंती: तुम्हाला चालता येत असेल तर पन्नास पावलं चाला. तुमची पन्नास पावलं म्हणजे त्या माणसाचे ५०० रुपये.

प्रश्न : माझे पती एका मालकाची टुरिस्ट गाडी चालवतात. मालकाने १४ ई-चलानं दाखवून पगारातून पैसे कापले. त्यातली चार चलानं ज्या दिवसांची आहेत, त्या दिवशी हे गावी होते, गाडी दुसरा माणूस चालवत होता. मालक म्हणतो, मला ते माहीत नाही, गाडी तुझ्या नावावर लावलेली. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, ई-चलान गाडीच्या नंबरावर निघतं आणि मेसेज नोंदणीच्या मालकाच्या मोबाइलवर जातो. कॅमेऱ्याला पाटी दिसते, चालक कोण ते कळत नाही. म्हणूनच कायद्यात कलम १३३ आहे. पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता, लायसन्स ही माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे कुठल्या दिवशी कोण चालवत होतं याची नोंद मालकाने ठेवायला हवी. ‘मला माहीत नाही’ हे मालकाचं उत्तर चालणारं नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. प्रत्येक चलान राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबराने उघडून बघा. फोटो, तारीख, वेळ, जागा आणि कलम तिथे असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ हा नियम ऑगस्ट २०२१ चा आहे. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, आणि गुन्हा व नंबर स्पष्ट दिसेल असा पुरावा तिच्यासोबत द्यायचा, असं तो सांगतो. १४ पैकी एखाद्याच्या फोटोत पाटीचा आकडाच ओळखू येत नसेल किंवा गाडी भलतीच असेल, तर तिथेच तक्रार नोंदवा. पण तक्रार आधी करा, पैसे नंतर. एकदा भरले की चूक मान्य केल्यासारखं होतं आणि मग कुणी ऐकत नाही.

पती गावी होते याचा पुरावा म्हणून एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट, गावच्या दुकानात मोबाइलवरून दिलेले पैसे, काहीही चालेल. ते मालकापुढे ठेवा. बाकीची दहा जर खरंच त्यांच्या हातून झालेली असतील, तर राष्ट्रीय लोकअदालतीची वाट बघा. ती वर्षातून साधारण चारदा भरते. तिथे वाहतुकीच्या चलानांत तडजोड होते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे ते प्रकरण कायमचं मिटतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, आणि स्त्री म्हणून तुम्हाला स्वतःला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जाऊन बोला. वकिलाच्या फीच्या भीतीने घरी बसू नका.

आणि आजपासून गाडीत दोनशे पानी वही ठेवायला सांगा. गाडी घेतली तारीख-वेळ-किलोमीटर, दिली तारीख-वेळ-किलोमीटर, पुढे सही. मालक सही देत नसेल तर तेच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. वडिलांकडे दिवसपाळी आणि रातपाळीची अशी वही होती. मीटरच्या आकड्यावरून भांडण झालं की ती उघडायची आणि भांडण मिटायचं.

प्रश्न : चालकाने मला मागच्या सीटवर पट्टा लावायला सांगितला. मी म्हटलं, मागे कोण लावतं? तो म्हणाला, मग गाडी निघणार नाही. हा उद्धटपणा नाही का? (एक प्रवासी, ठाणे)

नाही. तो बरोबर होता. कलम १९४-ब प्रमाणे पट्टा न लावलेला प्रवासी गाडीत असेल तर १००० रुपयांचा दंड गाडी चालवणाऱ्याला होतो, पट्टा न लावणाऱ्या प्रवाशाला नाही. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा झाला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला होता, ते मागच्या सीटवर होते. तुमच्या चालकाने तुमचा जीव आणि स्वतःचे हजार रुपये दोन्ही वाचवले. जमलं तर त्याला पाच तारे द्या.

मात्र चालकांनाही एक सांगायचं आहे. कितीतरी गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपं सीटकव्हरच्या खाली गाडलेली असतात. प्रवाशाला लावायचं असलं तरी ते सापडत नाही. आज घरी गेल्यावर सीटकव्हर उचलून ती वर काढा.

प्रश्न : डॅशबोर्डच्या होल्डरमध्ये मोबाइलवर नकाशा चालू होता. पोलिसाने मोबाइल वापरतो म्हणून अडवलं. आम्ही नकाशाशिवाय गाडी कशी चालवायची? (एक चालक, पिंपरी)

रस्ता बघण्यापुरता मोबाइल चालतो. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत तसं स्पष्ट लिहिलं आहे. गाडी चालवताना हे यंत्र फक्त मार्ग बघण्यासाठी वापरता येईल, तेही लक्ष विचलित न होता. होल्डरमध्ये लावलेला, बोट न लावता बोलणारा नकाशा त्यात बसतो. मोबाइल हातात धरलात तर मात्र ते कलम १८४ आहे, म्हणजे धोकादायक चालवणं. तिथे दंड १००० पासून ५००० पर्यंत जातो आणि कैदेचीही तरतूद आहे.

पण तुम्ही न लिहिलेलं मी लिहितो. नकाशा चालू असताना मध्येच नव्या भाड्याची घंटी वाजते, आणि काही सेकंदांत बोट लावलं नाही तर भाडं दुसऱ्याला जातं. त्या क्षणी तुमची नजर रस्त्यावर नसते. मी स्वतः अशा गाडीत मागे बसलेलो आहे. चालकाची मान खाली गेली आणि पुढच्या रिक्षाचे ब्रेकचे दिवे लागले, ते आधी मला दिसले. मी ओरडलो. एवढ्याशा घंटीपायी माणूस गुन्हेगार होतो किंवा मरतो. गाडी चालत असताना घंटी वाजूच नये, सिग्नलला थांबल्यावरच वाजावी, एवढी सुधारणा कंपन्यांना सहज करता येईल. सरकारने ती सक्तीची करावी असं माझं ठाम म्हणणं आहे. तोवर भाडं गेलं तर जाऊ द्या. हे सांगणं सोपं आहे आणि तुम्हाला करणं अवघड, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : तुमच्या सदरात चालकांची फार बाजू घेतली जाते. हे लोक उलट्या दिशेने येतात, झेब्रावर उभे राहतात. यांना कसली सवलत? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

गुरुजी, उलट्या दिशेने येणाऱ्याला मी कधी सोडलं नाही आणि आजही सोडू नये म्हणतो. लाल सिग्नल तोडणं आणि उलट्या दिशेने चालवणं हे २०१९ पासून कलम १८४ मध्येच धोकादायक चालवणं म्हणून घातलेलं आहे. दारू पिऊन चालवणाऱ्याला कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. यात टॅक्सीवाला आणि मोटारवाला असा भेद नको. उलट, टॅक्सीत दुसऱ्याचा जीव बसलेला असतो म्हणून तिथे जास्त कडक असावं.

माझं म्हणणं लहान चुकांपुरतं आहे. स्टॉप लाइनच्या वीतभर पुढे चाक गेलं, पाटीवरचा दिवा बंद पडला, माणूस उतरवायला अर्धा मिनिट थांबला. या चुकांना दंड नको असं नाही. दंड असावा, पण तो का झाला हे त्याच वेळी त्या माणसाला कळावं. पंधरा-वीस चलानं साठल्यावर एका दिवशी नाक्यावर अडवून सगळी एकदम वसूल केली, तर त्यातून तो काहीच शिकत नाही, त्याला फक्त राग येतो. तुम्ही वर्षाअखेरीस सगळ्या चुका एकदम सांगून मुलाला छड्या मारल्या असत्या, तर त्याचं शुद्धलेखन सुधारलं असतं का?

प्रश्न : पोलिसाने खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. म्हणाला, पावती केली तर हजार, नाहीतर दोनशे दे आणि जा. मी दिले. मागे पॅसेंजर बसलेला होता, त्याची गाडी चुकणार होती. (नाव छापू नये)

तुमचं नाव कुठेही येणार नाही.

चावी काढून घ्यायचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. गणवेशातल्या अधिकाऱ्याने थांबवलं तर थांबायचं, लायसन्स मागितलं तर कलम १३० प्रमाणे दाखवायचं, ही तुमची जबाबदारी. कलम २०६ खाली कागद जप्त करता येतात, पण लायसन्स घेतलं तर तात्पुरती पोच द्यावी लागते आणि तिच्यावर तुम्हाला गाडी चालवता येते. कलम २०७ खाली गाडीही अडकवता येते, पण त्यासाठी परमिट नाही, नोंदणी नाही, असं गंभीर कारण लागतं.

आता त्या दोनशेबद्दल. तुम्ही अडचणीत होता, हे मान्य. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर त्याला एक वाट ठेवली आहे. सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवायचं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. मागणी झाली आणि पैसे दिलेले नाहीत, अशा वेळी फोन केला तर सगळ्यात उत्तम.

माझ्या नोकरीत मी असे हात पाहिले आहेत. माझ्याच गणवेशातले. एका नाक्यावर असं चालायचं की टॅक्सीवाले न विचारताच काच खाली करून नोट दुमडून पुढे करत, मान वळवायचीही गरज त्यांना वाटत नसे. मी तिथे नवा होतो. माझ्याकडे पहिली नोट आली तेव्हा मी ती परत दिली, तर तो चालक घाबरला, त्याला वाटलं मला जास्त हवेत. तो घाबरलेला चेहरा मी वडिलांचा म्हणून पाहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. वरिष्ठांना सांगितलं तेव्हा माझी बदली झाली, नाक्यावर मात्र तेच चालू राहिलं.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी हे एकच वाक्य बोला, आवाज न चढवता: ‘साहेब, माझी चूक असेल तर पावती करा.’ नुसतं एवढंच. व्हिडिओ काढतो अशी धमकी नको, ओळखी सांगणं नको. चूक खरी असेल तर पावती होईल, ती घ्या. चूक नसेल तर दहातल्या सहा-सात वेळा ‘जा’ म्हणतील. पावती महाग वाटते, पण दोनशे रुपये देऊन निघालेल्या गाडीचा नंबर नाक्यावर लक्षात राहतो, आणि पुढच्या महिन्यात तीच गाडी पुन्हा बाजूला घेतली जाते.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून वाहतूक शाखेत शिपाई आहे. उन्हात आठ-दहा तास उभे राहतो. गाडी अडवली की चालक अंगावर येतात, शिव्या देतात. न अडवता फोटो काढून चलान केलं तर वाद होत नाही. यात चूक काय? (जिल्हा कळवू इच्छित नाही)

पोरा, तुझं पत्र वाचून मला माझे पहिले उन्हाळे आठवले. दुपारी बुटाचा तळवा डांबराला चिकटायचा आणि पाय उचलला की चर्रकन आवाज यायचा. तुझा थकवा खरा आहे. शिव्या देणाऱ्या चालकांनी हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही पावती करणाऱ्या माणसाला शिवी देता, त्याने बारा वाजल्यापासून पाणी प्यायलेलं नसतं.

पण फोटोबद्दल मी तुझ्याशी सहमत नाही. पहिलं म्हणजे फोटो कशावर काढतोस? स्वतःच्या मोबाइलवर काढून नंतर सवडीने चलान करायची पद्धत पडली होती. वाहतूकदारांच्या तक्रारी झाल्यावर जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने परिपत्रक काढून ती बंद केली. तसं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल असंही त्यात म्हटलं आहे. दिलेलं यंत्रच वापर.

दुसरं, फोटोत नुसती गाडी घेऊ नकोस. गाडी आणि बोर्ड एका चौकटीत आले पाहिजेत. चाकाजवळची रेघ दिसली पाहिजे. आत चालक बसलेला आहे की नाही, मागचं दार उघडं आहे की नाही, तेही दिसलं पाहिजे. दार उघडं असेल आणि कुणी उतरत असेल, तर शिट्टी वाजव आणि हाताने पुढे जा म्हणून खूण कर. बहुतेक जण निघतील. जो निघणार नाही, त्याचं चलान बिनधास्त कर.

आणि अडवायचंच असेल तर आधी गाडी कडेला घे, मग बोल. पहिलं वाक्य दंडाचं नको, चुकीचं असू दे: ‘तुम्ही सिग्नल पिवळा झाल्यावर वेग वाढवलात.’ माणसाला आपली चूक ऐकून घ्यायला दहा सेकंद लागतात, तेवढी दे. मागे प्रवासी बसला असेल तर काम तीन मिनिटांत उरक. भाडं रद्द झालं तर त्याला दंडापेक्षा जास्त फटका बसतो. वरिष्ठ आकडा मागतात हेही मला माहीत आहे. मी तो दिलेला आहे, रुग्णालयाच्या फाटकाजवळचा तो वॉकर त्याच आकड्यात गेला. तू नको देऊस असं मी सांगू शकत नाही, तुझी नोकरी आहे. पण आकडा भरायचाच असेल तर उलट्या दिशेने येणाऱ्यांनी भर. ते कमी नाहीत.

प्रश्न : कागद मोबाइलवर दाखवले तर चालतात का? अस्सल लायसन्स, आरसी मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाची लिंक आली होती, ती उघडावी का? (एक चालक, कोल्हापूर)

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, अस्सलच दाखवा असं म्हणता येत नाही. पण ते अ‍ॅप उघडून दाखवायचे. गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्सचा स्क्रीनशॉट धरला जात नाही. घाटात नेट जातं, तेव्हा निघण्याआधी अ‍ॅप उघडून ठेवा.

ती लिंक उघडू नका. चलानाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवून बँक खातं रिकामं करणाऱ्या टोळ्या आहेत, आणि टॅक्सीवाल्यांना चलान येतच असतं म्हणून ते पटकन फसतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. तिथे स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. चलान असेल तर तिथेच दिसेल. फाइल डाउनलोड झाली असेल तर आधी नेट बंद करा, लगेच बँकेला फोन करून खातं गोठवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.